आधी घरात उरलेल्यांकडे चला : गोव्यातील पॅरिश कौन्सिलांना खुले पत्र

गोव्यातील सर्व पॅरिश पास्टरल कौन्सिलांचे (प्रत्येक चर्चच्या परिसराच्या, म्हणजे पॅरिशच्या, सल्लागार मंडळांचे) सदस्य, फादर व्हिगार (पॅरिशचे प्रमुख धर्मगुरू) आणि वाड्यावाड्यांवरच्या लहान ख्रिस्ती समूहांचे चालक यांना,

सप्रेम नमस्कार.

दर जूनमध्ये आपले नवे पास्टरल वर्ष सुरू होते. आर्चबिशपांचे पत्र वाचले जाते, वर्षाचा विषय कळतो आणि कौन्सिलची बैठक बसते. त्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो : तरुण मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) का येत नाहीत? प्रश्न खरा आहे, त्यावर बोलायलाच हवे. पण दुसरा प्रश्न कुणी काढलेला मी ऐकला नाही. जी माणसे उभा जन्म दर रविवारी आपल्या ठरलेल्या बाकावर येऊन बसत होती, ती केव्हापासून यायची थांबली? आज ती कुठे आहेत, कशी आहेत?

त्यांची श्रद्धा उडालेली नाही. कुणाचे गुडघे गेले, कुणाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, कुणाला स्कूटरवर बसवून आणणारा मुलगा बोटीवर नोकरीला गेला. त्यांची नावे पॅरिशच्या वहीत आहेत, फेस्ताची (चर्चच्या सणाची) वर्गणी त्यांच्या घरून अजून येते, फक्त ती स्वतः दिसत नाहीत. हे पत्र त्यांच्यासाठी आहे आणि त्यात माझे मागणे एकच आहे. येत्या वर्षी पॅरिशच्या कामात घरात एकट्या उरलेल्या म्हाताऱ्या माणसांचा नंबर पहिला लावा. फेस्ताच्या आधी, कपेलाच्या (वाड्यावरच्या छोट्या प्रार्थनाघराच्या) रंगकामाच्या आधी आणि तरुणांच्या शिबिराच्याही आधी.

मी मूळची सावंतवाडीकडची. शाळा मराठीतून झाली, लग्न होऊन उत्तर गोव्यातल्या बार्देशात आले. घरात आणि इगर्जेत (चर्चमध्ये) कोकणी, पण कागदावर मन मोकळे करायचे तर हाताला मराठीच येते. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी येशूची कथा मराठी ओव्यांत सांगून १६१६ साली राशोलला छापली, त्यामुळे या भाषेतून इगर्जेशी बोलणे गोव्याला परके नाही. गोव्यातल्या मराठी वाचकांपर्यंत हे पोचावे असे वाटण्याचे आणखी एक कारण आहे, ते पुढे येईल. गेली काही वर्षे मी आमच्या वाड्यावरच्या आजाऱ्यांकडे रविवारी ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत अर्पण झालेली पवित्र भाकर) घेऊन जाते. लिहिते आहे ते या घरांत पाहिलेले.

२०११ च्या जनगणनेत गोव्यात ३,६६,१३० ख्रिस्ती होते, लोकसंख्येच्या साधारण २५ टक्के. त्याच जनगणनेत साठीच्या पुढच्या माणसांचे प्रमाण गोव्यात ११.२ टक्के होते. देशात केरळच्या खालोखाल सर्वांत जास्त. त्यानंतर माणसे वयाने वाढलीच आहेत आणि तरुण बाहेर गेलेच आहेत. आधी मुंबई, मग आखात, मग बोटी. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो; तो घेऊन किती कुटुंबे इंग्लंडला गेली ते तिथल्या स्विंडन शहरात कुणालाही विचारा. जाणाऱ्यांना मी दोष देणार नाही. इथे काम नाही, असले तर पगार पुरत नाही, आणि आईवडिलांनीच कर्ज काढून, सोने मोडून त्यांना पाठवले. मुले पैसे पाठवतात, रोज फोन करतात, व्हिडिओवर नातवंडे दाखवतात. पण रात्री दोन वाजता न्हाणीघरात पाय घसरला तर त्या फोनचा उपयोग नसतो.

मागे उरते मोठे घर. पुढे बल्कांव (ओसरी), आत साला (दिवाणखाना), आठ-दहा खोल्या, त्यातल्या एका-दोनच उघड्या. बाकीच्या खोल्यांवर दिरांचा, भावांचा, पुतण्यांचा हक्क. इन्व्हेंटरी (वारसांमधली कायदेशीर वाटणी) झालेली नसते, म्हणून कौले कुणी बदलायची हे ठरत नाही, आणि पावसाळ्यात म्हातारी पलंग ओढत कोरडा कोपरा शोधते. फाटकाशी येणारा अनोळखी माणूस बहुतेक वेळा घर विकत घ्यायला आलेला दलाल असतो.

इथे पॅरिशचे काय काम, असे कुणी विचारेल. सरकार आहे, नातेवाईक आहेत, वृद्धाश्रम आहेत. मी त्यांना बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय पुन्हा वाचायची विनंती करते. यरुशलेमची मंडळी नुकतीच उभी राहत होती. इगर्ज बांधलेली नव्हती, फेस्त नव्हते, कौन्सिलही नव्हते. तेव्हा पहिली तक्रार आली ती विधवांची : ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केले नाही. सगळ्या मंडळीला बोलावले, सात माणसे निवडायला सांगितली आणि त्यांच्यावर हात ठेवून त्यांना या कामाला लावले. त्या सातांतला पहिला स्तेफन, जो पुढे आपला पहिला हुतात्मा झाला. मंडळीने कामाची वाटणी करून माणसे नेमल्याची ही सुरुवातीची हकिगत, आणि ती एकट्या बायकांच्या ताटातल्या अन्नावरून घडली. कौन्सिल म्हणून आपण बसतो त्याचे मूळ मला तिथे दिसते. म्हणून वृद्धांचा विषय ‘इतर बाबी’ या सदरात, सगळे उठायच्या घाईत असताना घेणे बरे नाही.

दुसरा उतारा मार्कच्या सातव्या अध्यायातला. आईवडिलांना जे द्यायचे ते ‘देवाला वाहिले’ असे सांगून हात झटकणाऱ्यांना आणि त्यांना तशी मोकळीक देणाऱ्या शास्त्र्यांना येशू फार कडक बोलतो. मी तो उतारा वाचते तेव्हा मला आपल्या इगर्जेच्या भिंतींवरच्या देणगीदारांच्या पाट्या आठवतात. परदेशातल्या मुलाने वेदीसाठी मोठी रक्कम पाठवली, पाटी लागली, मिस्सेत नाव घेतले. त्याच मुलाची आई इगर्जेपासून हाकेच्या अंतरावर एकटी राहत असेल, तर ती रक्कम घेणाऱ्या आपण एक वाक्य त्याला लिहायला नको का? ‘देणगी पोचली, आभार. तुझ्या आईला रात्री सोबत लागते, त्याची सोय आपण मिळून करू या का?’ मुलगा रागावणार नाही. बहुतेक मुले या विचाराने तिकडे झोपत नाहीत. त्यांना इथे विश्वासाचे कुणी हवे असते.

आता सायबिणीविषयी, म्हणजे मारियामातेविषयी. कारण या पत्रातले मला सर्वांत जास्त लागलेले हेच आहे.

वर्षातून एकदा सायबिणीची मूर्ती वाड्यावर घरोघर फिरते. संध्याकाळी आधल्या घरातून मूर्ती निघते, मेणबत्त्या घेऊन, गाणी म्हणत लोक पुढच्या घरी पोचवतात, तिथे तेर्स (माळेवरची प्रार्थना) होतो, रात्रभर सायबीण त्या घरी मुक्कामाला असते. माझ्या मते गोव्यातल्या ख्रिस्ती जीवनातली ही सर्वांत सुंदर रीत आहे, कारण तिच्यात इगर्जच घराकडे येते. पण हळूहळू तेर्सानंतरच्या चण्यांच्या जागी पॅटिस आले, केक आले, मग चाळीस माणसांचे जेवणच झाले. कुणी सक्ती केली नाही, एकमेकांचे पाहून वाढत गेले. आणि मग एका घरून निरोप आला : ‘यंदा आमच्याकडे नको, पुढच्या घरी न्या.’ घर ऐंशीच्या पुढच्या बाईचे. मी नंतर गेले तेव्हा ती म्हणाली, ‘लोकांपुढे ठेवायला माझ्याकडे काही नाही आणि खुर्च्या मांडायला कुणी नाही. सायबिणीला बोलवायचे तर नीट बोलवायला हवे.’ लग्न होऊन त्या घरात आल्यापासून तिने कधी सायबिणीला परत पाठवले नव्हते.

असे निरोप आता प्रत्येक वाड्यावरून येतात, विचारून पाहा. सायबीण आई कुणी पाहुणचाराअभावी दारातून परत पाठवावी, ही आपल्या सगळ्यांना खंत वाटायची गोष्ट आहे. उपाय अगदी साधा आहे आणि तो कौन्सिलने एका बैठकीत करता येण्यासारखा आहे. सायबिणीच्या भेटीला पाणी आणि उकडलेले चणे यांखेरीज कुणी काही ठेवायचे नाही असा नियम संपूर्ण पॅरिशला लावा, श्रीमंतांच्या घरीही. ऐपत असलेल्यांना सूट दिली तर नियम टिकत नाही. आणि जिथे माणूस एकटे आहे तिथे वाड्याने आधी दुपारी जाऊन झाडलोट करावी, खुर्च्या न्याव्यात, चणेही वाड्यानेच न्यावेत, आणि तेर्स झाल्यावर सगळ्यांनी लगेच न उठता थोडे बसावे. त्या बसण्यासाठीच ती वर्षभर थांबलेली असते. खुरसाकडची (वाड्यावरच्या क्रुसापुढची) लादाइन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थनाही, एखादे वर्ष अशा घराच्या बल्कांवात का करू नये? विसराळूपणाच्या आजारात मुलांची नावे गेलेली माणसेसुद्धा लादाइनीतल्या ‘ओरा प्रो नोबिस’ला बरोबर साथ देताना मी ऐकली आहेत.

ख्रिस्तप्रसादाबद्दल. पुष्कळ ठिकाणी आजाऱ्यांना तो महिन्यातून एकदा, पहिल्या शुक्रवारी मिळतो. फादर एकटे असताना याहून जास्त जमणारच नव्हते. पण रोमने १९७३ सालीच सामान्य श्रद्धावंतांना ख्रिस्तप्रसाद नेऊन देण्याची वाट मोकळी केली आणि आज आपल्या बहुतेक पॅरिशांत असे सेवक-सेविका आहेत. रविवारच्या मिस्सेत ते रांगा लवकर संपवायला उभे राहतात. त्यांचे मुख्य काम मिस्सेनंतर सुरू व्हायला हवे. रविवारी सकाळच्या मिस्सेच्या शेवटी फादरनी त्यांना सर्वांदेखत वेदीजवळ बोलवावे, ख्रिस्तप्रसादाची पेटी हातात द्यावी आणि पाठवावे. बसलेल्यांनाही मग कळेल की मंडळी इथे पुरी नाही, काही बाके घराघरांत आहेत.

आजाऱ्यांना तेल लावण्याच्या साक्रामेंताबद्दलची (संस्काराबद्दलची) भीती अजून गेलेली नाही. जुन्या लोकांच्या मनात ते ‘शेवटचे तेल’च आहे; फादर तेल घेऊन आले म्हणजे संपले. पॉल सहावे यांनी १९७२ साली हा विधी सुधारला तो याच समजुतीतून बाहेर येण्यासाठी, की हे साक्रामेंत गंभीर आजारात आणि थकलेल्या म्हातारपणातही घ्यायचे असते. याकोबाच्या पत्रातही मरणाऱ्याविषयी नव्हे, आजारी माणसाविषयी लिहिले आहे : त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे. ११ फेब्रुवारीला, लूर्दच्या सायबिणीच्या दिवशी, आपण आजाऱ्यांची मिस्सा करतो आणि ती छान होते. पण तिला येतात ते येऊ शकणारे. अंथरुणावरचे त्याही दिवशी घरीच.

महामारीत इगर्जी बंद झाल्या तेव्हा टीव्हीवरच्या मिस्सेने पुष्कळांना धीर दिला. पण दारे उघडल्यावर आपण असे समजून चाललो की घरच्यांची सोय झाली. मी ज्यांच्याकडे जाते त्यांच्यात एक आजी टीव्हीवरच्या मिस्सेला नेसून-सावरून बसतात, उठायच्या जागी उठायला धडपडतात, आणि शांतीच्या नमस्काराला हात जोडून शेजारी पाहतात. शेजारी बसलेली असते त्यांना सांभाळणारी चंदगडकडची बाई. ती हिंदू आहे. तीही हात जोडते.

मराठीतून लिहायचे दुसरे कारण हेच. गोव्यातल्या किती ख्रिस्ती घरांतली म्हातारी माणसे आज चंदगड, आजरा, दोडामार्ग, सावंतवाडीकडच्या बायकांच्या हाती आहेत, याची आपल्याकडे नोंद नाही. घरातून दूर, मुले आईकडे ठेवून, दिवसरात्र त्या राहतात. आंघोळ, कपडे, गोळ्या, मध्यरात्रीचे उठणे. तेर्साची माळ सापडत नसेल तर ती शोधून देणे, भिंतीवरच्या काळजाच्या येशूपुढचा दिवा लावणे, हेही त्यांच्याकडेच. आपल्या आजीला शेवटचा घोट पाणी पाजणारी तीच असण्याचा संभव मोठा आहे. आणि तिला रविवारची सुटी नसते, कारण तिच्या जागी बसायला कुणी नाही.

पॅरिशने हिला आपले मानावे. तिचा धर्म कुठलाही असो. वाड्यावरच्या दोघींनी रविवारी दुपारी तीन तास आजीजवळ बसावे, म्हणजे ती बाजारात जाईल, देवळात जाईल, नाहीतर नुसती झोपेल. तिच्या मुलीचे लग्न आहे, सासरा आजारी आहे, हे वाड्याला ठाऊक असावे. तिचा पगार वेळेवर होतो ना, एवढे तरी विचारावे. घरमालक इंग्लंडमध्ये असतो आणि भांडण झाले तर ऐकायला कुणी नसते. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला हिंदू भाविक तेल घेऊन येतात तेव्हा आपण अभिमानाने पाहतो. आपल्याच घरात आपल्या आईची सेवा करणारी हिंदू बाई त्याहून कमी मानाची नाही.

मरणाचाही उल्लेख करायला हवा. मुले येईपर्यंत देह शवागारात थांबतो, मग सगळा गाव जमतो, बँड येतो, इगर्ज भरते, परदेशातल्यांसाठी मोबाइलवर दाखवतात. कुणी चुकीचे करत नाही. पण त्या गर्दीतली निम्मी माणसे गेल्या वर्षभरात एकेकदा त्या घरी गेली असती तर तिला दर आठवड्याला कुणीतरी भेटले असते.

आपल्या संतांकडे पाहा. सां फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाला नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये जुन्या गोव्यात लाखो लोक आले, आपण रांगा लावल्या, सेवा केली, दमलो. तो संत १५४२ मध्ये गोव्यात उतरला तेव्हा इस्पितळात आजाऱ्यांजवळ राहिला आणि रविवारी कुष्ठरोग्यांकडे मिस्सा करायला गेला. आणि बाणावलीचा आपला सां जुझे वाझ. १६९७ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीत देवीची साथ आली, घरचे लोक आजाऱ्यांना टाकून रानात पळाले, तेव्हा त्याने टाकलेल्यांना शोधून काढले, खाऊ घातले, पुसले, धुतले आणि मेलेल्यांना पुरले. २०१५ मध्ये त्याला संतपद मिळाले तेव्हा आपण घंटा वाजवल्या. जे त्याने परक्या देशात केले ते आपण आपल्या वाड्यावर करू शकतो, आणि आपल्याला तर साथीचीही भीती नाही.

अडचणी मला दिसतात. फादर थोडे आहेत आणि त्यांच्यावर शाळेपासून कोर्टापर्यंत सगळी कामे आहेत. म्हणून हे काम त्यांच्यावर टाकू नका. वाड्याने करायचे आहे. लोक संशय घेतात, एकट्या वृद्धांना लुबाडल्याच्या बातम्या येतात, म्हणून दार उघडत नाहीत. तो संशय रास्त आहे. म्हणून दोघांनी जोडीने जावे, ओळखीचेच जावे, घरातल्या पैशांना आणि कागदांना हात लावू नये, जागेच्या व्यवहारात अजिबात पडू नये. कौन्सिलच्या ज्या सदस्याचा जमीनजुमल्याच्या खरेदी-विक्रीशी संबंध आहे त्याला या भेटींपासून दूर ठेवावे, हे मी स्पष्टच लिहिते. आणि आपल्यापैकी पुष्कळ जण स्वतः साठीच्या पुढचे आहेत, दम लागतो, हेही खरे. पण कन्फर्मेशनच्या (श्रद्धा दृढ करण्याच्या संस्काराच्या) वर्गातली मुले आहेत. त्यांना वर्षभर पुस्तकातून दयेची कामे पाठ करायला लावण्यापेक्षा दोन रविवार एका आजोबांजवळ बसवा. तरुण का येत नाहीत या प्रश्नालाही त्यातून थोडे उत्तर मिळेल असे मला वाटते. अनोळखी माणसाच्या उपयोगी पडल्यावर मुले पुन्हा यायला तयार असतात, हे मी पाहिले आहे.

पैशांचे म्हणाल तर फार लागत नाहीत. फेस्ताचा प्रेझिदेंत (यजमान) होणाऱ्या घराने एका रात्रीच्या फटाक्यांचा खर्च या कामाला दिला तरी चाके असलेली खुर्ची, न्हाणीघरात धरायचा दांडा, औषधांची रिक्षा निघते. सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिना २,००० रुपये काही वृद्धांचे केवळ हयातीचा दाखला वेळेत न गेल्यामुळे अडतात. तो भरून देणे हेही ख्रिस्ती काम आहे. आणि पोटची पोरे खरोखरच टाकून देत असतील, तर २००७ च्या कायद्याने वृद्धांना दाद मागता येते, एवढे त्यांना सांगणारे तरी कुणी हवे.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांचा आणि वृद्धांचा दिवस म्हणून दिला, येशूचे आजोबा-आजी सां जुआकीम आणि सांत आना यांच्या सणाजवळचा. त्याच दिवसांत तळावलीच्या सांत आनाच्या इगर्जेत तवशांचे (काकड्यांचे) फेस्त होते. मूल व्हावे म्हणून जोडपी येशूच्या आजीला तवसे वाहतात. यंदा त्या रविवारी वेदीजवळ फुले आणि भेटवस्तूंचा कार्यक्रम करण्याआधी प्रत्येक वाड्याची यादी तयार असावी. ती वहीवरून उतरवू नका, घरोघर चालत जाऊन करा. माणसाचे नाव, घराची दुसरी किल्ली कुणाकडे, औषधे कुठली, शेवटचा ख्रिस्तप्रसाद केव्हा मिळाला, सांभाळणाऱ्या बाईचे नाव काय. यादी फादरांकडे बंद कपाटात राहावी, तिचे फोटो मोबाइलवर फिरू नयेत.

जूनच्या बैठकीत हा विषय पहिला घ्या आणि वाड्यांची वाटणी त्याच दिवशी करा. आमच्या वाड्यावरच्या बायका शनिवारी संध्याकाळी चालायला तयार आहेत. रविवार नको, त्या दिवशी आम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊन जातो. शेजारच्या पॅरिशांना आमची यादी कशी केली ते पाहायचे असेल तर फादरांमार्फत कळवा, आम्ही येऊन सांगू.

आपली,
बार्देशातील एका पॅरिशची सभासद